फॅस्मोफोबिया: चौघं मिळून खेळलं की भीती जाते का?

मित्रांसोबत हॉरर गेम खेळला की मजा येते पण भीती जाते, असं मी कितीतरी वर्षं ठामपणे म्हणायचे, आणि त्याला कारण होता रेसिडेंट ईव्हिल ५. २००९ चा गेम, नायक ख्रिसच्या बाजूला कायम त्याची पार्टनर शेवा. मी आणि रूममेटने एकाच टीव्हीवर अर्धी अर्धी स्क्रीन करून तो संपवला आणि धमाल आली, पण घाबरलो एकदाही नाही. घाबरणार कसं, समोरून काहीही आलं तरी दोन बंदुका तयार, गोळ्या संपल्या की पार्टनरकडून घ्यायच्या, पडलं की तो धावत येऊन उठवणार. अॅक्शन म्हणून तो गेम आजही भारी आहे, भीती मात्र शेवा आल्यावर संपलीच.

मग फॅस्मोफोबिया घेतला आणि माझं मत पार बदललं. कायनेटिक गेम्सचा गेम, सप्टेंबर २०२० मध्ये अर्ली अॅक्सेसला (म्हणजे पूर्ण तयार होण्याआधीच विक्रीला) आला, जास्तीत जास्त चार जण. बंदूक वगैरे काही नाही. टॉर्च, थर्मामीटर, कॅमेरा, स्पिरिट बॉक्स (भुताला प्रश्न विचारायचा रेडिओ) घेऊन घरात शिरायचं आणि भूत कुठल्या प्रकारचं आहे ते पुराव्यांवरून ओळखायचं, बस. भूत तुमचा माइक ऐकतं. स्पिरिट बॉक्सवर प्रश्न आम्ही इंग्रजीत विचारतो, पण हंट, म्हणजे भुताची शिकार, सुरू झाला की मराठीत पुटपुटलात तरी आवाज तो आवाज, त्याच्या मागावर भूत येतं. आणि काही भुतं तर माणूस खोलीत एकटा असेल तरच उत्तर देतात! म्हणजे चौघं असूनही कुणाला तरी एकट्याला अंधारात पाठवावंच लागतं. कोणी जायचं यावर आमची दर वेळी पाच मिनिटं जातात.

आमचा एक राउंड सांगते. टँगलवुडचं घर, म्हणजे सगळ्यात छोट्यांपैकी एक. मावसभाऊ बेसमेंटमध्ये, मी बाहेर ट्रकमध्ये स्क्रीनसमोर, सगळ्यांची सॅनिटी, म्हणजे मनाचा तोल दाखवणारा आकडा, खाली खाली चाललेली. तो वॉकीटॉकीवर सांगतोय, "ताई, इथं तापमान शून्याच्या खाली गेलंय, श्वासाची वाफ दिसतीये, मी जरा पुढं", आणि मध्येच नुसती खरखर. हंट चालू असताना वॉकीटॉकी चालत नाही आणि बाहेरचा दरवाजा बंद होतो, हे मला पाठ होतं, तरी मी चार वेळा त्याचं नाव घेतलं. माझ्या स्क्रीनवर काहीच भयानक नव्हतं. शांतता होती आणि मला माहीत होतं की तिथं आत माझा भाऊ आहे. एकटीने खेळताना असं मला कधीच झालं नाही, कारण एकटीने खेळताना जे होतं ते माझंच होतं, इथं दुसऱ्याचं काय झालं तेच कळत नाही. तो मेला होता. मेलेल्याचा आवाज जिवंत असलेल्यांना येत नाही, त्यामुळे नंतर आत जाऊन टॉर्चच्या उजेडात तो पडलेला दिसला तेव्हाच समजलं.

म्हणून एकच गोष्ट कळकळीने सांगते, डिस्कॉर्ड (गेमबाहेर गप्पा मारायचं अॅप) बंद ठेवा आणि गेमचाच व्हॉइस वापरा. सुरुवातीचे दोन आठवडे आम्ही डिस्कॉर्डवर बोलत खेळलो, मेलेला माणूससुद्धा "अरे ते किचनमध्ये आहे, डावीकडे पळ" करत राहायचा आणि सगळी भीती पाण्यात. तोच गेम, तीच माणसं, फक्त अंतराप्रमाणे आवाज कमी होत गेला की वेगळाच खेळ होतो.

हेच थोडं डेड स्पेस ३ ने २०१३ मध्ये केलं होतं, तिथं दुसरा खेळाडू कार्व्हर असतो, त्याला जे भास होतात ते पहिल्याच्या, म्हणजे आयझॅकच्या, स्क्रीनवर दिसतच नाहीत. एक म्हणतो "हे बघ", दुसरा म्हणतो "कुठं काय?" बाकीचा गेम गोळीबारच जास्त होता, पण तेवढा भाग माझ्या अजून लक्षात आहे. सोबत दिली तर ती अशी द्यावी, दोघांना एकच गोष्ट दिसू देऊ नये.

आता खटकलेलंही सांगते. भुताची चाल ताठ आणि कृत्रिम वाटते, जवळून बघितलं की जोर कमी होतो. आणि ३०-४० तासांनंतर पुरावे गोळा करणं सवयीचं होतं, बोटांचे ठसे झाले, भूत लिहितं ती वही झाली, आता ईएमएफ (विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) बघा, अशी यादी उरकल्यासारखं. छोट्या घरात चौघं शिरले तर गर्दी होऊन गप्पाच जास्त होतात, दोघं किंवा तिघंच बरे, आणि मोठ्या नकाशांवर चौघं.

ऑक्टोबर २०२४ पासून कन्सोलवरही आहे, आम्ही पीसीवर खेळतो. हेडफोन चांगले पाहिजेत, स्पीकरवर खेळू नका, पावलं नक्की कुठून येतायत ते कळत नाही. शनिवारी परत बसतोय, बेसमेंटला या वेळी माझा नंबर आहे.