हेडचं काम झालं आणि गाडी गार पडली: मे ते फेब्रुवारीचा अनुभव

गाडी २०१४ ची, बाराशे सीसी पेट्रोल, सेकंडहँड घेतलेली. मे महिन्यात लातुरात हेड गॅसकेट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यातलं पॅकिंग) उडालं. हेड उतरवून फेसिंग केलं (घासून सपाट केलं), गॅसकेट आणि वॉटर पंप नवा टाकला, बिल साडेबारा हजारांच्या आसपास गेलं. काम स्वच्छ होतं, त्याचे पूर्ण मार्क मिस्त्रींना. पण बिलात नसलेली एक गोष्ट त्यांनी केली, आणि हे सगळं लिहितोय ते तिच्यासाठी. गाडी जोडताना थर्मोस्टॅटचा वॉल (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारी झडप) त्यांनी बाहेरच ठेवला. विचारलं तर म्हणाले, "कशाला पाहिजे सर तो? आपल्याकडं काय बर्फ पडायलाय का? आता गाडी कधीच गरम व्हायची नाही."

बाहेर बेचाळीस अंश असताना असं बोलणं कुणालाही पटतं. (हिवाळ्यात परभणीचा पारा पाचाच्या खाली उतरतो हे मे महिन्यात कुणाला आठवतंय!) मराठवाड्यात जुन्या गाड्यांचे वॉल असेच काढले जातात.

सुरुवातीला आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाची गती) वरखाली व्हायचं, पिकअप कधी जोरात तर कधी मेलेला. त्याचा वॉलशी संबंध नव्हता. कामासाठी बॅटरी काढली की इसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) आपलं आधीचं शिकलेलं विसरतो आणि थोडं चालवल्यावर पुन्हा जुळवून घेतो. तसंच झालं. हेडचं काम करून आणलेल्या गाडीला लगेच नावं ठेवू नयेत ती एवढ्यासाठीच.

राहिलं ते वेगळंच. तापमानाचा काटा अर्ध्यावर यायचाच नाही. अंबाजोगाई रोडला एसी फुल असतानाही खाली पडलेला. घरचे खूश. हायवेला अठराचं ॲव्हरेज देणारी गाडी पंधरावर आली तेव्हा आधी पेट्रोल पंपावर संशय घेतला, मग टायरच्या हवेवर. आयडलिंग मिनिटाला आठशे फेऱ्यांच्या जागी अकराशे-बाराशेवर, तेही गाडी बराच वेळ चालल्यावरसुद्धा. शेवटी ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा) स्वस्त स्कॅनर मागवला आणि मांजरसुंब्यापर्यंत मोबाइलवर आकडे बघत गेलो (बघायला शेजारी मुलगा होता). सपाट रस्त्याला कूलंट, म्हणजे इंजिनातून फिरणारं पाणी, ६० ते ६५ अंश. घाट चढताना थोडं वर, उतरताना लगेच खाली. कोड आला पी ०१२८, म्हणजे इंजिन ठरलेल्या तापमानाला पोचतच नाही.

थर्मोस्टॅटमध्ये मेणाची गोळी असते. साधारण ८२ अंशांच्या पुढे मेण वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडते; तोवर पाणी इंजिनमध्येच फिरतं, म्हणून इंजिन लवकर तापतं. वॉल नसला की पहिल्या मिनिटापासूनच पाणी रेडिएटरला. सेन्सर सांगतो इंजिन अजून थंड आहे, आणि इसीयू थंड इंजिनाला द्यायचं जादा पेट्रोल देत राहतो. माझे तीन किलोमीटर तिथं गेले.

पावसाळ्यात खरी झोप उडाली. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून सायीसारखा पिवळट पांढरा थर. ज्याचं हेड गॅसकेट एकदा उडालंय त्याला हे दिसलं की डोळ्यांपुढं पुन्हा साडेबारा हजार नाचतात. ऑइलमध्ये पाणी उतरलं की असंच दिसतं. पण डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल स्वच्छ होतं, कूलंटची पातळी जागची हलली नव्हती, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. गॅसकेट शाबूत होतं. इंजिन पुरेसं तापत नसल्यानं, त्यात शहरातल्या शहरात शाळा-बाजार एवढ्याच फेऱ्या, आतला ओलावा उडून जात नव्हता आणि झाकणाखाली जमत होता. डिपस्टिकला पेट्रोलचा वासही येत होता. ऑइल वेळेआधीच बदललं. तुमच्या गाडीला असा थर दिसला तर हेड उतरवायच्या आधी डिपस्टिक, कूलंटची पातळी आणि धूर या तीन गोष्टी बघा. घाईत हेड खोलणारे कमी नाहीत.

आणि 'कधीच गरम व्हायची नाही' याचं काय? नवरात्रात तुळजापूरच्या गर्दीत एसी लावून उभे होतो, तर तोच काटा अर्धा ओलांडून वर निघाला. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची (रेडिएटर टाळून जाणारी) वाट बंद करतो. वॉल नसेल तर ती कायम उघडी, मग थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात परत येतं. हायवेला वारा असतो, भागून जातं. गर्दीत नाही.

माझ्या मते मूळ आजार पाण्याचा. आधीच्या मालकांनी रेडिएटरला वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेलं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा गाडीसाठी डिस्टिल्ड वॉटर घ्या म्हणणाऱ्याला कुणी उभं केलं नसतं. पण आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार नळ्यांत बसतात आणि गाडी गरम होते ती त्यानं. वॉल बिचारा फुकट बदनाम.

डिसेंबरात दुसऱ्या गॅरेजमध्ये नवा थर्मोस्टॅट बसवला, हजाराच्या आत काम झालं. रेडिएटर उतरवून साफ केला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं, प्रेशर कॅप बदलली. (कॅप सैल असली की पाणी लवकर उकळतं, तिच्याकडं कुणी बघत नाही.) आता काटा अर्ध्याच्या जरा खाली स्थिर, स्कॅनरवर ८८ ते ९२. ॲव्हरेज साडेसतरा. झाकणाखालचा थर गेला. फॅन मधूनमधून सुरू होतो, बंद होतो. एसी बंद असताना महिनोन्महिने तो आवाज न ऐकल्यानं पहिल्यांदा दचकलोच.

एक गोष्ट मात्र वॉल परत आल्यावर उघडी पडली. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये एसीसह दाबलं तर बारीक टकटक येते. फेसिंगमध्ये हेड थोडं घासलं जातं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) किंचित वाढतं आणि पेट्रोल अवेळी पेटून असा आवाज येतो. इंजिन गार होतं तोवर हे झाकून राहिलं होतं. सध्या अशा ठिकाणी दुसरा गिअर टाकतो. प्लग आणि टायमिंग एप्रिलच्या आधी तपासून घेणार आहे, आणि रेडिएटर साफ करूनही उन्हाळ्यात काटा चढला तर नवाच टाकणार. वॉल काढायचा नाही, हे मिस्त्रींना आधीच सांगून ठेवलंय.