केन ड्रायडनचं कार्ड घेताय? डबीवरच्या नंबराला भुलू नका

कॅनडात राहणाऱ्या आणि मुलांपायी बर्फावरच्या हॉकीच्या नादाला लागलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. खेळाडूंचे फोटो छापलेली जी कार्डं लोक जमवतात, त्यातलं एक नकली कार्ड घेऊन माझे नऊशे डॉलर गेले ते गेले, पण विकणारा अजून मोकाट आहे.

कार्ड म्हणजे ओ-पी-ची या कार्ड छापणाऱ्या कंपनीच्या 1971-72 च्या संचातलं 45 नंबरचं, मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाचा गोलरक्षक केन ड्रायडन याचं पहिलंवहिलं. 1971 साली लीगचे अवघे सहा सामने खेळलेल्या या पोराला संघानं थेट प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, उभं केलं. त्यानं बलाढ्य बोस्टनला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं, संघानं विजेतेपदाचा स्टॅनली कप उचलला आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. नवोदिताचा पुरस्कार त्याला मिळाला तो त्याच्या पुढच्या वर्षी! एकूण सहा कप. सप्टेंबर 2025 मध्ये त्याचं निधन झालं आणि लोक जुनी कार्डं शोधायला लागले. ठगांनाही नेमकं हेच हवं असतं.

मला जाहिरात दिसली ती सेकंडहँड वस्तूंच्या एका साइटवर. कार्ड होतं ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे कार्ड तपासून त्याला दहापैकी ग्रेड देणाऱ्या कंपनीच्या सीलबंद प्लास्टिक डबीत, इथल्या भाषेत स्लॅबमध्ये, ग्रेड 6. किंमत बाजारभावाहून थोडीच कमी. फुकटात देतोय म्हटलं असतं तर कुणालाही संशय आला असता. हा माणूस तेवढा कच्चा नव्हता. 'वडिलांचा संग्रह आहे, ते गेले, आता घर रिकामं करतोय,' असं सांगताना त्याचा आवाजही जड झाला होता. डबीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा, असं तो स्वतःच म्हणाला. टाकला. तेच कार्ड, तीच ग्रेड. कॉफीच्या दुकानाबाहेर भेटलो, ई-ट्रान्सफर केलं, विषय संपला.

पुढे टोरोंटोच्या एका कार्ड प्रदर्शनात जुन्या विक्रेत्याला डबी दाखवली. त्यानं आधी कडा पाहिल्या आणि हसला. ओ-पी-चीची कार्डं त्या काळी तारेनं कापायचे, त्यामुळे कडा बहुधा खरबरीत, तंतू निघालेल्या असतात. माझ्या कार्डाच्या कडा ब्लेडनं सफाईनं कापल्यासारख्या. मग त्यानं दहापट मोठं दाखवणारं भिंग हातात दिलं. अस्सल छपाईत फोटो ठिपक्यांचा असतो, पण काळी अक्षरं सलग, भरीव शाईची. माझ्या कार्डावर अक्षरंसुद्धा ठिपक्यांचीच! म्हणजे खऱ्या कार्डाचा स्कॅन घेऊन छापलेलं. मागची इंग्रजी-फ्रेंच माहिती मात्र तंतोतंत, कारण तीही स्कॅनच.

आणि नंबर? तो खराच होता, पण दुसऱ्याच्या कार्डाचा. लिलावात विकल्या गेलेल्या अस्सल कार्डाच्या फोटोवरून लेबल उचललं आणि तशीच डबी बनवली. नंबर जुळला म्हणजे तसं एक कार्ड जगात आहे एवढंच सिद्ध होतं. ते आपल्या हातात आहे असं नाही. जुना लिलाव शोधून फोटो शेजारी ठेवला तेव्हा दिसलं: अस्सल कार्डाचा खालचा डावा कोपरा दबलेला, माझे चारही कोपरे शाबूत. हे पैसे देण्याआधी दोन मिनिटांत होतं. फोटो मिळत नसेल तर सौदा सोडा. आणि भेट पार्किंगमध्ये नको, कार्डांच्या दुकानात ठेवा; ज्याचा माल खरा आहे तो कां-कूं करत नाही.

बँकेनं हात वर केले: पैसे तुम्हीच पाठवलेत, समोरच्यानं जमा करून घेतलेत, आता परत येत नाहीत. पोलिसांत आणि कॅनडाच्या फसवणूकविरोधी केंद्रात तक्रार नोंदवली आहे. क्रेडिट कार्डानं किंवा खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या मार्गानं पैसे दिले असते तर निदान भांडता आलं असतं.

गेल्या आठवड्यात कॅलगरीची एक जाहिरात दिसली. ड्रायडन, ग्रेड 6, लेबलवर माझ्याच डबीचा नंबर आणि विकणाऱ्याचे वडील नुकतेच वारलेले. मी साइटला कळवलंय. हे लिहीपर्यंत तरी जाहिरात तिथेच आहे.