कर्जतच्या भातगावांतली सायकलफेरी: अख्ख्या खरिपाचा अनुभव

सकाळची कर्जत लोकल, स्टेशनजवळ तयार सायकली आणि संध्याकाळपर्यंत पेज नदीच्या आसपासच्या गावांतून फेरी, असा हा दिवस. जूनमध्ये पहिल्यांदा गेले, आवडलं, आणि भात घरात येईपर्यंत जात राहिले.

सायकली हायब्रिड, गिअरवाल्या आहेत. ब्रेक दर वेळी चांगले मिळाले, मडगार्डही आहेत. सीट कडक आहे, पॅडची शॉर्ट घालाच. अंतर साधारण 25 किलोमीटर, बरंचसं सपाट.

पण खरी किंमत वसूल होते ती वाटाड्या दादांमुळे. ते स्वतः भात लावतात, त्यामुळे कुठे थांबायचं हे त्यांना शेताकडे बघून कळतं. जूनमध्ये त्यांनी राब दाखवला: शेण, पालापाचोळा टाकून उन्हाळ्यात भाजलेली जमीन, तिच्यावर पोपटी रोपं. भाजल्याने तणाचं बी मरतं आणि रोप अलगद उपटतं. ऑगस्टमध्ये बांधावर सायकल आडवी टाकून ते अचानक खाली वाकले. खेकड्याने बांधाला भोक पाडलं होतं, वरच्या खाचरातलं पाणी सुळसुळ खाली चाललं होतं. शेत दुसऱ्याचं, तरी दोन्ही हातांनी चिखल घेऊन त्यांनी भोक बुजवलं, टाचेने दाबलं. "पाणी गेलं की तण माजतं, ताई," एवढंच बोलले. दसऱ्याच्या सुमारास माळावरचं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात पिवळं पडलं होतं आणि खाली पाणथळ खाचरातलं गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं, अजून हिरवं होतं. रस्ता तोच असूनही कंटाळा आला नाही तो यामुळेच.

जेवण एका घरी असतं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, पावसात टाकळा किंवा भारंगीची भाजी. उत्तम, आणि पोटभर.

तक्रार एकच, पण मोठी. जुलैच्या रविवारी आयोजक फार माणसं घेतात. लावणी ऐन भरात, बायका सकाळपासून वाकलेल्या, आणि आमच्यातले काही जण फोटोसाठी नुकत्याच लावलेल्या खाचरात उतरले. रोपं तुडवली गेली. सोबतच्या आयोजकाने अडवलं नाही, दादांनाच ओरडावं लागलं. मला फार लाज वाटली. मी तसं लेखी कळवलं, उत्तर गोड आलं, पण पुढच्या रविवारीही गर्दी तेवढीच. जिथे कुणाचं वर्षाचं धान्य उभं आहे, तिथे निघण्याआधी दोन नियम सांगायलाच हवेत. शिवाय फीमधलं गावाला किती जातं तेही स्पष्ट सांगायला हवं.

आता उन्हाळी भातासाठी जायचं ठरवलंय. 1922 सालच्या भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटलेलं पाणी पेज नदीत येतं आणि राजनाला नावाच्या कालव्याने शेतांना मिळतं, म्हणून इथे दुबार भात होतं. मुंबईत वीज खेळवणारं पाणी इथे खाचरात उभं राहतं हे दादांकडून ऐकेपर्यंत मला माहीत नव्हतं.

पहिल्यांदा जाणार असाल तर ऑक्टोबर गाठा: चिखल कमी, कापणी-झोडणी दोन्ही बघायला मिळतात. लावणीच बघायची असेल तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी जा, आणि बांधावरूनच बघा.