मैलांवरचं बिझनेस क्लास: पीएनआर खरा, तिकीट दुसऱ्याचं

आई-वडिलांना मुलीकडे अमेरिकेला जायचंय, गुडघे धरलेत, इकॉनॉमीत इतके तास बसवणार नाही. अशा घरांत व्हॉट्सॲपवरून भाव येतो: मुंबई–न्यूयॉर्क बिझनेस क्लास, जाऊन-येऊन पावणेदोन लाख. विमान कंपनीच्या साइटवर तेच साडेतीन-चार लाखांच्या पुढे. एवढं स्वस्त कसं, असं विचारलं की उत्तर मिळतं, 'कॉर्पोरेट कोटा आहे' किंवा 'माइल्सवर काढून देतो'. माइल्स किंवा मैल म्हणजे विमान प्रवासावर किंवा कार्डाच्या खर्चावर खात्यात जमणारे पॉइंट, त्यांवर तिकीट काढता येतं. हे दुसरं उत्तर बऱ्याचदा खरं असतं, आणि लोक फसतात ते त्यातच.

साधी फसवणूक आधी सांगून टाकू. विकणारा सहा अक्षरांचा पीएनआर पाठवतो, साइटवर टाकला की आई-वडिलांची नावं दिसतात, घरचे निर्धास्त होऊन पैसे पाठवतात. प्रत्यक्षात ते फक्त आरक्षण असतं, तिकीट काढलेलंच नसतं. मुदत संपली की नावं गायब. म्हणून पीएनआरवर विसंबू नका, 13 आकडी तिकीट नंबर मागा आणि तो विमान कंपनीकडूनच तपासून घ्या. पीडीएफला काडीची किंमत नाही, ती कोणीही बनवतं.

पण तिकीट नंबर खरा निघाला म्हणजे सुटलो, असंही नाही. मैलांवर काढलेलं तिकीट प्रवाशाच्या नावावर असलं तरी ताबा असतो मैलांच्या खातेदाराचा. त्याने रद्द केलं की मैल त्याच्याच खात्यात परत जातात, भरलेला कर बहुधा त्याच्याच कार्डावर. तुम्ही दलालाला दिलेले पावणेदोन लाख या हिशोबात कुठेच नाहीत. पैसे हातात पडल्यावर दलालाने तिकीट रद्द केलं, तर विमान कंपनीच्या लेखी ती खातेदाराची रीतसर विनंती असते.

हे मैल येतात कुठून? काही दलाल लोकांकडून विकत घेतात, काही पासवर्ड चोरलेल्या खात्यांतून काढतात. जवळजवळ सगळ्याच कंपन्यांच्या नियमांत मैल विकायला बंदी आहे. नातेवाइकाने भेट म्हणून तिकीट काढून दिलं तर चालतं, पैसे घेतले की नियमभंग. चोरीचे मैल असतील तर मूळ मालकाला कळायच्या आत प्रवास उरकायचा असतो, म्हणून 'तिकीट प्रवासाच्या फक्त दोन दिवस आधी देणार' असं सांगतात. काही कंपन्या शेवटच्या दिवसांत मैलांसाठी जास्त सीट सोडतात हे खरं आहे, त्यामुळे ही सबब पटते. कर भरायला वापरलेलं कार्डही अनेकदा चोरीचंच असतं.

सगळ्यात वाईट अवस्था परतीची. जाणं व्यवस्थित होतं, आई-वडील पोचल्याचे फोटो येतात, दलालाचं नाव आणखी चार घरांत जातं. मधल्या दोन-तीन महिन्यांत मैलांचा मूळ मालक तक्रार करतो, खातं गोठतं आणि परतीचं तिकीट रद्द होतं. इमेल दलालाचा असल्यामुळे घरी कोणालाच कळत नाही, कळतं ते विमानतळावर. काउंटरवर 'मैल कोणाचे, तुमचं नातं काय' असंही विचारतात. दलालाने 'भाच्याने काढून दिलं म्हणा' असं आधीच पढवलेलं असतं. या वाक्यावरून तरी व्यवहार सोडायला हवा.

ओळखायच्या खुणा ई-तिकिटावरच असतात. भाड्याच्या रकान्यात शून्य किंवा फक्त कर. वर्ग बिझनेसचा, पण बुकिंगच्या प्रकाराचं अक्षर 'आय': स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात मैलांवरच्या बिझनेस सीटला सहसा हेच अक्षर असतं. ब्रिटिश एअरवेज आणि कतार एअरवेजकडे 'यू'. तिकीट नंबरचे पहिले तीन आकडे ज्या कंपनीने तिकीट काढलं तिचे: एअर इंडिया 098, युनायटेड 016, एअर कॅनडा 014, सिंगापूर एअरलाइन्स 618. विमान एअर इंडियाचं आणि नंबर 014 ने सुरू, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कंपन्या एकमेकींची तिकिटं नेहमी विकतात. पण सोबत शून्य भाडं असेल तर 'कॉर्पोरेट कोटा' ही थाप आहे. ट्रॅव्हल एजंटला मैलांवरचं तिकीट स्वतःच्या खात्यावरून विकता येतच नाही, ते विमान कंपनीच काढते.

पैसे मागण्याची तऱ्हाही बघा. यूपीआयवर एका व्यक्तीला पैसे पाठवायची दिवसाची मर्यादा साधारण एक लाख, म्हणून रक्कम फोडून दोन-तीन वेगवेगळ्या नावांच्या आयडींवर मागतात. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. कार्ड चालणार नाही, जीएसटीचं बिल मिळणार नाही, असं म्हटलं की समजून जा.

मैलांवर जायचंच असेल तर खातं स्वतःचं किंवा मुलीचं हवं. आधी सीट शोधा, मगच बँकेचे पॉइंट विमान कंपनीत वळवा. एकदा वळवले की परत येत नाहीत. सीट शोधून देण्याची फी घेणारे लोक आहेत, त्यात वावगं काही नाही, पण तिकीट तुमच्या लॉगिनमधून तुम्हीच काढायचं. ओटीपी आणि पासवर्ड त्यांनाही नाही.

पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार, आणि त्याच दिवशी बँकेला लेखी. पहिल्या काही तासांतच समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. कार्डाने दिले असतील तर सेवा न मिळाल्याचा दावा बँकेकडे करा. चॅट पुसू नका, यूपीआयचे व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. प्रवासी परदेशात असतील तर दलालाच्या 'आज रात्री नवीन तिकीट देतो'ची वाट न बघता पैसे भरून परतीचं साधं तिकीट काढा, रोज भाव चढतो. तक्रार टाकली की काही दिवसांत 'पैसे परत मिळवून देतो, आधी पाच हजार प्रोसेसिंग' असा फोन येऊ शकतो. तो उचललात तरी पैसे पाठवू नका. 1930 वर तक्रारीला फी नसते.