लाल नाक, लेझर आणि भाकरीचा तवा: संभाजीनगरच्या स्किन क्लिनिकचा माझा अनुभव

क्लिनिकचं नाव टाकत नाही, तक्रारी पण लिहिणारे आणि उगं कुणाशी वाद नको. परभणीहून मराठवाडा एक्स्प्रेसनं वर्षभरात सहा चकरा झाल्यात, त्यामुळं जे लिहितेय ते स्वतःच्या तोंडावर भोगलेलं आहे.

त्रास असा की गाल आणि नाक सारखं तापायचं, भट्टीपुढं बसल्यासारखी आग, मधूनच बारीक पुटकुळ्या. माझा रंग सावळा म्हणून घरच्यांना लाली दिसायचीच नाही, "ऊन लागलं असंल" म्हणायचे, आणि आमच्याकडं एप्रिल-मे मधे ऊन कुणाला लागत नाही? म्हणून मी पण गप. पार्लरवालीनं पिंपल्स समजून खसाखसा स्क्रब मारला. मग मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न बघता एक ट्यूब दिली, ती म्हणजे जादूच, चार दिवसात तोंड साफ, पण बंद केली की दुप्पट, म्हणून परत लावायची, असं करत दीड वर्ष गेलं हो.

डॉक्टर मॅडमनी पहिलं काम काय केलं तर ती ट्यूब पर्समधून काढायला लावली. चष्मा कपाळावर सरकवून मागची मुंगीएवढी अक्षरं वाचली आणि बोट ठेवून मलाच वाचायला लावलं, मोमेटासोन. म्हणल्या हे स्टिरॉइड, रोज लावून कातडी पातळ पडलीय, आतली आग झाकली जाते आणि सोडलं की उफाळून येते. मग भिंगाच्या यंत्रातून नाकाच्या कडेच्या रक्तवाहिन्या मोठ्या करून दाखवल्या, पुस्तकात ठेवून जाळी झालेल्या पिंपळपानासारख्या दिसायल्या होत्या. ब्लॅकहेड एकही नाही म्हणजे हे पिंपल्स नाहीत, रोझेशिया आहे, म्हणजे तोंड लाल होऊन तापायचा कातडीचा आजार, म्हणल्या. डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं का हेही विचारलं. होत होतं, मी धुळीच्या नावावर खपवत होते! आणि पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की हा मुळासकट जात नाही, आटोक्यात ठेवावा लागतो. सहाशे रुपये फी मला तिथंच वसूल वाटली.

त्यानंतरचे तीन आठवडे मात्र विचारू नका. स्टिरॉइड सुटलं आणि तोंड असं सुजलं की शाळेत पोरं विचारायलीत, बाई मधमाशी चावली का. साबण, हळदीचं उटणं, लिंबू, गुलाबपाणी सगळं बंद. फक्त साबण नसलेला फेसवॉश, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, आणि रात्री आयव्हरमेक्टिनचं १ टक्क्याचं क्रीम. आपल्या सगळ्यांच्याच चेहऱ्यावर डेमोडेक्स नावाचे डोळ्याला न दिसणारे जीव असतात, रोझेशियात ते जास्त सापडतात म्हणे, हे क्रीम त्यांच्यावरच. नणंदेला हे सांगितलं तर तिनं आठ दिवस माझा टॉवेल वेगळा ठेवला.

सोबत डॉक्सीसायक्लिन नावाची अँटिबायोटिक गोळी पण होती, तिच्यात चूक माझी. पेलाभर पाण्यासोबत घ्या, दुधासोबत नको आणि लगेच आडवं होऊ नका असं सांगितलेलं, मी एक घोट पाण्यानं गिळली आणि झोपले. छातीत असं जळलं की दोन दिवस घास उतरंना.

आता लेझर, म्हणजे त्या दिसणाऱ्या रक्तवाहिन्या आणि लाली कमी करायला. तीन सिटिंग, दर महिन्याला एक, प्रत्येकी चार हजार. एनडी-याग नावाच्या प्रकारचं लेझर (१०६४ नॅनोमीटरचं), आपल्या सावळ्या कातडीला चट्टे पडायचा धोका त्यात कमी म्हणून तेच निवडलं, आणि आधी कानापुढं टेस्ट पॅच, म्हणजे इवल्याशा जागेवर मारून बघणं, करून दोन आठवडे वाट बघितली, हे मला लई आवडलं. डोळ्यांवर झाकणं, थंड जेल, आणि मग रबरबँड ताणून सोडल्यासारखे फटके. नाकाजवळच्या रेघा बऱ्याच पुसट झाल्या, गालाची लाली म्हणाल तर रुपयात आठ आणे कमी. बारा हजारात एवढंच का, असं वाटतंच. पैसे कमी असतील तर आधी औषधं आणि सनस्क्रीन, लेझर नंतर, हे माझं मत, आणि खरं तर मॅडमचं पण तेच होतं.

काउंटरवाल्या पोरी मात्र वेगळ्याच. मॅडमनी चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहिल्या तर या सात गोष्टींचं किट पुढं सरकवतात, त्यात असल्या कातडीला झोंबू शकणारं व्हिटॅमिन सी सीरम पण! मी चिठ्ठीवर बोट ठेवून तीनच घेतल्या. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन पहिल्यांदा लावलं तेव्हा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसले, पुढच्या वेळी बदलून कातडीच्या रंगाचं घेतलं, ते मिसळतं. आणि वेटिंग हॉल! दोन तास, एक पंखा, रोझेशियाच्या पेशंटला उकाड्यात बसवून मग विचारतात आज जास्त लाल का झालं.

घरी सगळ्यात मोठा फरक पडला तो तव्यापासून. सहा माणसांच्या ज्वारीच्या भाकरी थापताना तोंड तव्यावरच असतं, त्या धगीनं रोज संध्याकाळी भडकायचं हे मला कधी सुचलंच नव्हतं. आता थापते मी, भाजतो नवरा, पहिले आठ दिवस आम्ही करपलेल्या खाल्ल्या. चहा सोडला नाही, कोमट करून पिते, कारण माझ्या बाबतीत भडका चहापत्तीनं नाही, वाफेनं उडतो. ठेचा मात्र सुटला, त्याचं दुःख आहे.

पाचपैकी चार स्टार. जाणार असाल तर सकाळचा पहिला नंबर फोनवर लावून घ्या, आणि आजवर तोंडाला लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या झालेल्या सुद्धा, पिशवीत घालून न्या.