दोन-तीनशेचा पिवळा मल्टिमीटर : गाडीच्या बॅटरीसाठी घ्यावा का?

घ्यावा, आणि नवीन बॅटरी घ्यायच्या आधी घ्यावा. डीटी-८३०डी म्हणून व्होल्ट, करंट मोजणारा जो छोटा पिवळा मीटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात लटकलेला असतो त्याबद्दल लिहितोय, वेगवेगळ्या नावांनी येतो पण आतून जवळपास एकच माल. घरच्या २३० व्होल्टवर मी हा वापरत नाही, वायरी फारच पातळ आहेत. पण गाडीच्या १२ व्होल्टसाठी याने जे काम दिलंय ते बघून लिहावंसं वाटलं.

आमची जुनी पेट्रोल गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची. धक्का मारून चालू करा, मग दिवसभर काही त्रास नाही, परत शनिवार-रविवार उभी राहिली की सोमवारी सेल्फ मारला की नुसतं टक टक. बॅटरीवाल्याने बोनेट उघडून बघितलं आणि सरळ नवीन बॅटरी सांगितली, म्हणजे चार-पाच हजार. मीटरचा नॉब डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही पोलना लावला, इंजिन चालू असताना १४.२ दाखवतोय, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) चार्ज करतोय. मग मायनसची वायर काढून गाडी रात्रभर तशीच ठेवली, सकाळी बॅटरी १२.६. वायर जोडून ठेवली की मात्र आकडा रोज खाली. आता सांगा, बॅटरीचा दोष कुठे आहे यात?

हे आकडे लक्षात ठेवा, गाडी बंद करून काही तास झाल्यावरचे, कारण फिरून आल्या आल्या मोजलं तर आकडा उगाच जास्त दिसतो. १२.६ म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामीच समजा.

मग करंट कुठे जातोय ते शोधायचं. लाल पिन मीटरच्या १० अँपियरच्या भोकात, नॉब १०ए वर, बॅटरीची मायनस वायर काढून मीटर त्या वायर आणि टर्मिनलच्या मधे जोडायचा. दारं बंद, चावी लांब, आणि अर्धा-पाऊण तास थांबायचं, कारण नवीन गाड्यांमधले इलेक्ट्रॉनिक डबे (छोटे कॉम्प्युटर) लगेच झोपत नाहीत आणि सुरुवातीचा मोठा आकडा बघून लोक घाबरतात. ०.०५ अँपियरच्या आत असेल तर साधारण ठीक. आमचा ०.३८ वर अडकलेला! हिशोब करा, ०.३८ गुणिले ४८ तास म्हणजे १८ अँपियर-अवर, आणि बॅटरी आहे ३५ अँपियर-अवरची, म्हणजे दोन दिवसांत अर्ध्याहून जास्त साफ. स्टेअरिंगखालचे फ्यूज एकेक काढत गेलो, म्युझिक सिस्टीमचा काढला आणि आकडा धाडकन ०.०२ वर आला. बाहेरून बसवलेला स्टिरिओ होता, त्याच्या अॅम्प्लिफायरची चालू-बंदची वायर चावीच्या सप्लायऐवजी कायम सप्लायवर जोडलेली, म्हणजे गाडी बंद असली तरी अॅम्प्लिफायर आपला जागाच. वायर बदलली, बॅटरी तीच आहे अजून, मस्त चालतेय.

अलिबागला मामांच्या गाडीला याच्या उलट. बॅटरी १२.६, तरी सेल्फ जड फिरतोय, आणि सगळे म्हणतायत सेल्फ उतरवा, त्यातले कार्बन ब्रश बदला. इथे एक टेस्ट आहे जी मला सगळ्यात जास्त आवडते: मीटर परत व्होल्टवर, लाल पिन इंजिनच्या कोऱ्या धातूला, काळी थेट बॅटरीच्या मायनस पोलवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. ०.२-०.३ व्होल्ट चालतो, त्यांचा ०.९ आला. म्हणजे अर्थिंगच खराब, खाऱ्या हवेने अर्थची पट्टी (बॅटरीचा मायनस इंजिन-बॉडीला जोडणारी) नट-बोल्टपाशी पूर्ण गंजलेली. पट्टी घासून घट्ट केली, सेल्फला हातही लावला नाही. लाखाच्या मशीनशिवाय कळलं हे, अजून काय पाहिजे!

आता तक्रारी. स्क्रीनला लाईट नाही, बोनेटखाली संध्याकाळी काही दिसत नाही. मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की हा आकडे वाढवून दाखवतो, १२.६ ची बॅटरी १३ च्या वर दिसायला लागली तर आधी ती बदला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, १० अँपियरच्या भोकाला बहुतेक मीटरमधे फ्यूजच नसतो. लाल पिन तिथे राहिली आणि तुम्ही व्होल्ट मोजायला बॅटरीच्या दोन्ही पोलना लावलं तर सरळ शॉर्ट, वायर हातात वितळेल. करंट मोजून झाला की पिन लगेच जागेवर. मीटर मधे जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, सेल्फ शंभर अँपियरच्या वर ओढतो.

ज्यांच्याकडे माइल्ड हायब्रिड (इंजिनला छोट्या मोटरची मदत असणारी) किंवा स्टार्ट-स्टॉपवाली (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी) गाडी आहे त्यांनी इंजिन चालू असताना १२.७ दिसला म्हणून अल्टरनेटर काढू नका, तिथे कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो. आणि फुल हायब्रिड, इलेक्ट्रिकमधल्या नारिंगी, हाय व्होल्टेजच्या केबलना या मीटरने अजिबात हात लावायचा नाही.

पाचपैकी चार स्टार देतो. बजेट असेल तर क्लॅम्प मीटर घ्या, वायर न काढता करंट मोजता येतो, फक्त डीसी करंट मोजणारा आहे का ते दुकानात बघून घ्या, स्वस्तातले बरेचसे फक्त एसीचे असतात आणि गाडीला काही कामाचे नाहीत. हाच घेणार असाल तर सोबत क्रोकोडाईल क्लिपच्या वायरींची एक जोडी नक्की घ्या, पिना हातात धरून अर्धा तास उभं राहता येत नाही.