सह्यांचे अर्ज करून देणारे मेन रोडचे टंकलेखन केंद्र

दिंडोरी तालुक्यातील आमच्या गावात देशी दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून आम्हा महिलांना ‘आडवी बाटली’च्या (मतपत्रिकेवरची दुकान बंद करण्याच्या बाजूची खूण) मतदानाची मागणी करायची होती. त्यासाठी लागणारे सह्यांचे अर्ज आम्ही नाशिकला मेन रोडलगतच्या गल्लीतील एका जुन्या टंकलेखन केंद्रातून करून घेतले.

राज्य सरकारच्या २००८च्या आदेशानुसार गावातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. आमच्या यादीत १,२३६ महिला आहेत, म्हणजे ३०९ सह्या हव्या होत्या. पहिल्या वेळी दुसरीकडून छापून आणलेल्या कागदावर नाव आणि सही एवढेच रकाने होते. सह्या ३२० झाल्या, पण आम्हीच त्या यादीशी ताडून पाहिल्या तेव्हा ४७ नावे सापडेनात. कुणी माहेरचे नाव लिहिले होते, कुणी घरात हाक मारतात ते. दोन आठवड्यांची पायपीट वाया गेली.

या केंद्रातील काकांनी तो कागद पाहिला आणि भाव सांगण्याआधी मतदार यादी मागितली. भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि यादीतले नाव त्यांनी आधीच छापून दिले. “ताई, नाव यादीतलंच राहू द्या, सही मात्र जिची तिनेच करायची,” असे त्यांनी दोनदा बजावले. अंगठ्यासाठी मोठी चौकट ठेवली, शेजारी साक्षीदाराची जागा सोडली आणि शाई पसरू नये म्हणून जाड कागद वापरला. ३०९वर थांबू नका, असेही सांगितले. आम्ही ३७१ सह्या घेतल्या आणि या वेळी एकही नाव अडले नाही.

१०३ पानांचे डीटीपी आणि झेरॉक्स मिळून ३,४०० रुपये झाले. बचत गटाला ही रक्कम लहान नाही, तरी काम पाहता रास्त वाटली. शेवटची काही पाने फिकी निघाली, ती त्यांनी पैसे न घेता पुन्हा काढून दिली, पण त्यासाठी आम्हाला एसटीने आणखी एक खेप करावी लागली. दुपारी केंद्र बंद असते, हेही लक्षात ठेवावे.

सर्वांत उपयोगी पडला तो त्यांनी स्वतःहून घातलेला ‘शेरा’ हा रकाना. सह्यांची टक्केवारी काढताना महिला मतदारांची अख्खी यादी मोजली जाते. दुकान बंद होण्यासाठीही नोंदलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात, त्यामुळे मयत झालेली किंवा लग्न होऊन गेलेली प्रत्येक बाई आमच्या विरोधातच धरली जाते, आणि हे मला अन्यायाचे वाटते. घरोघरी फिरताना त्या रकान्यात अशा ६१ नावांपुढे शेरे पडले. मतदानाची तारीख लागण्याआधी ती नावे वगळली जावीत म्हणून आम्ही नमुना ७चे अर्ज भरतो आहोत आणि त्यांच्या प्रतीही याच केंद्रातून काढून आणल्या आहेत.